तीन पाण्याचं नांदेड

आमच्या लातूरच्या गल्लीतले चाचा रस्ता पाण्यात मोजायचे. त्यांच्या जीपचा मीटर बंद आणि रेडिएटर गळका. "औसा? बिगरपाण्याचा. अहमदपूर एक पाणी, लोहा दोन, नांदेड तीन." वाटेत किती वेळा रेडिएटरात पाणी ओतावं लागेल, एवढाच त्यांचा हिशोब आणि तो कधी चुकला नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला, तरी मी त्यांना हसायचो.

वाटेत कुणी घाई केली की बॉनेट उघडून म्हणायचे, "लई घाई असंल तर पळत व्हा पुढं, मियाँ. मी येतो मागून." घरून निघताना मात्र एक मिनिट दम निघायचा नाही. म्हणायचे, "रस्त्यात उशीर झाला तर अल्लाची मर्जी. दारात झाला तर आपली गल्ती."

माझी लेक सुमन मुंबईच्या दवाखान्यात होती. जावयाचा फोन आला, "मामा, उद्याच या. ती सारखं तुमचं नाव घेऊन राहिलीय." त्यानंच नांदेडहून दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. विमान सव्वा तासात मुंबईला पोचतं म्हणाला. तो सव्वा तास माझ्या डोक्यात बसला.

सकाळी सातला चाचा दारात हजर. माझं धोतर आणि फेटा इस्त्रीला टाकलेला, दुकान उघडणार नऊला.

"आप्पा, चला."

"व्याह्यांसमोर चुरगाळलेल्या धोतरात उभा राहू का? सव्वा तासाची तर मुंबई हाय."

"मुंबई सव्वा तास हाय. नांदेड तीन पाणी हाय, आप्पा."

"तुम्ही गाडी हाका. मला शिकवू नका."

ते ओट्यावर बसले. दोनदा उठले, माझ्या तोंडाकडं बघून परत बसले.

नांदेडला पोचलो तेव्हा कुंपणापलीकडं विमान उभं दिसत होतं, पण आत घेणं बंद झालं होतं. चाचांनी डोक्यावरची टोपी काढून दारावरच्या पोराला हात जोडले. "साहेब, यांची लेक लई बिमार हाय. यष्टी थांबते तसं थांबवा की थोडं." ते पोरगंच रडवेलं झालं. मी कडक इस्त्रीत नुसता उभा. विमान आमच्या डोक्यावरून गेलं.

"बसा, आप्पा," चाचा म्हणाले.

"कुठं?"

"मुंबईला."

"किती पाणी?"

"ते आज विचारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. सुमन आदल्या संध्याकाळपर्यंत होती. दाराकडं बघत होती म्हणे. विमानानं गेलो असतो तर भेट झाली असती.

जावयानं विचारलं, "मामा, विमान चुकलं कसं?" माझं तोंड उघडायच्या आत चाचा पुढं झाले. "माझी गाडी, साहेब. रेडिएटर फुटला."

जीप तर खाली धड उभी होती. मी काही बोललो नाही.

गावात तीच गोष्ट पसरली. चाचांच्या गाडीनं आप्पाची लेकीशी भेट चुकवली, म्हणू लागले. दवाखान्याचं, लग्नाचं भाडं त्यांना कुणी देईना. जीप दारात उभी राहून गंजली. मी रोज तिच्या बाजूनं जायचो. चाचा हाक मारायचे, "आप्पा, चहा घेता का?" मी मान हलवून पुढं जायचो. या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मयतीत मी खांदा दिला, तिथंही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

रेडिएटर त्या दिवशी फुटला नव्हता. उशीर माझ्या दारात झाला होता.