टिनी रॉम्पेनचा चेहरा

मास नदीकाठच्या त्या गावात टिनी रॉम्पेनच्या हाताखालून न गेलेलं डोकं विरळाच. चर्चसमोरच्या गल्लीत तिचं केस कापायचं दुकान. घरच्यांनी बोलावलं तर मेलेल्या माणसाचे केससुद्धा ती जाऊन नीट करून यायची. तिचा मुलगा सर्व्हास नदीत बुडाला, तेव्हा त्याचेही तिनंच विंचरले. मग पुन्हा दुकान उघडलं. गिऱ्हाइकानं विषय काढलाच, तर ती ड्रायर चालू करायची.

त्यानंतर दोन वर्षांनी, ईस्टरच्या आधी, गावानं धार्मिक विषयांवरच्या आधुनिक चित्रांचं प्रदर्शन भरवलं. चर्च, वाचनालय, बेकरी, बंद पडलेली बँक, सगळीकडे काही ना काही टांगलेलं. प्रदर्शनाच्या समितीची प्रमुख मारयो, टिनीची शाळेपासूनची मैत्रीण. तिनं टिनीच्या आरशाशेजारीही काटेरी तारेचा एक गुंडाळा लावला.

"हा ख्रिस्ताचा मुकुट," ती म्हणाली.

"मला वाटलं, कुणाचं कुंपण मोडलं. गिऱ्हाइकाचा स्वेटर अडकला तर सोडवायला तू यायचंस."

उद्घाटनाच्या रविवारी प्रार्थनेनंतर टिनी सगळ्यांबरोबर बँकेत गेली. ती आत शिरली आणि बोलणं एकदम थांबलं. समोरच्या भिंतीवर भलं मोठं चित्र होतं. चिखलात गुडघे टेकलेली बाई, मांडीवर निथळणारा मेलेला मुलगा. बाईच्या अंगावर ख्रिस्ताच्या आईचा, मारियेचा निळा झगा. पण बाकदार नाक टिनीचं, हनुवटीखालचा मस टिनीचा. तोंड वासलेलं, जनावरासारखं. आपला असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. तो फक्त सर्व्हास बुडाला त्या दिवशी नदीवर असलेल्यांनी पाहिला होता. आणि पोराला सोनेरी कुरळे केस होते. सर्व्हासचे सरळ होते. दुसऱ्याच कुणाचे तरी केस त्याला चिकटवले होते.

"किती खरं आलंय!" मागून कुणीतरी चीज चघळत म्हणालं.

तेवढ्यात चित्रकार आर्नाउट पुढे आला. शहर सोडून नदीकाठी राहायला आलेला, मऊ बोलणारा माणूस.

"तुम्ही आलात! मला बोलवायचा धीर होत नव्हता. त्या दिवशी मी पुलावर होतो."

"काय करत होतात?"

"काही नाही. बघत होतो. ते दृश्य मनातून गेलंच नाही."

"बेकरीवाला लू छातीभर पाण्यात उतरला होता. आणि तुम्ही बघत होतात." टिनीचा आवाज चढला नाही. "नाव काय त्याचं?"

"चित्राचं?"

"माझ्या पोराचं."

आर्नाउटनं मारयोकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं.

चर्चचे फादर मेर्टेन्स मध्ये पडले. "टिनी, मारियेचं दुःखही तिच्या एकटीचं राहिलं नाही. सगळ्यांचं झालं."

"तिला कुणी विचारलं होतं का, फादर?"

मग ती मारयोकडे वळली. "तू हे आधी पाहिलं होतंस?"

"मला वाटलं, तुला बरं वाटेल. त्याची आठवण राहील."

टिनीनं चित्र भिंतीवरून उतरवलं. मारयो हात लावायला आली. "लांब हो," टिनी म्हणाली. तिच्या उंचीचं ते चित्र दोन्ही हातांनी कवटाळून ती गल्लीतून निघाली. वाऱ्यानं ते हेलकावत होतं. कुणी अडवलं नाही. सगळे मागून बघत राहिले, आणि ते बघणंच तिला अंगावरच्या शेवाळासारखं वाटत होतं.

मागच्या अंगणात तिनं जुन्या दाराचा रंग काढायचं औषध ओतलं आणि दोन्ही चेहरे ब्रशनं घासून काढले. आधी ते कुरळे केस, मग ते वासलेलं तोंड. रंग सुटून लगदा झाला, बोटांना चिकटला. हात पुन्हापुन्हा धुतले तरी वास जाईना.

दुसऱ्या दिवशी आर्नाउट दारात आला. तिनं चित्र त्याच्यापुढे टाकलं. तो खाली बसून पुसलेल्या जागेवरून बोट फिरवू लागला. तिला वाटलं, आता हा ओरडेल. निदान रडेल.

"हे तर," तो हळूच म्हणाला, "आधीपेक्षा बोलकं झालंय."

टिनीनं दार लावलं आणि ती मोरीत ओकली.

चित्र पुन्हा बँकेत लागलं. पुसलेले चेहरे पाहायला शेजारच्या गावांतून लोक आले, आणि काहीजण काचेतून तिच्या दुकानातही डोकावून गेले. तिनं पडदे ओढून घेतले. लू मात्र नेहमीसारखा आला, खुर्चीत बसला आणि चित्राचं नावही न काढता केस कापून घेऊन गेला. त्याच्या मानेवरचे केस झटकताना तिचा हात जरा जास्त वेळ तिथं थांबला.

ईस्टरनंतर मारयोही आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"केस फार वाढलेत गं."

"पलीकडच्या गावात चांगले कापतात," टिनी म्हणाली आणि खाली पडलेले केस झाडू लागली.