एका दिवसाचा पगार

प्राचार्यांच्या निरोपासाठी प्रत्येकाचा एका दिवसाचा पगार कापायचा, ही कल्पना माझी होती.

तीस वर्षं मी जळगावात अर्थशास्त्र शिकवतोय. आयकराचा दर सगळ्यांना एकच असावा, ज्याची कमाई मोठी त्याचा कर आपोआप मोठा, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की शेवटी मलाही पटलं. पूर्वी निरोपाला माणशी सारखी वर्गणी निघायची. स्टाफरूममध्ये उभं राहून मी गरजलो, "हा अन्याय आहे! दर सारखा हवा. एक दिवस सगळ्यांचा!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे कायम नोकरीतले होते, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

निरोप म्हणजे आमच्याकडे भरीत पार्टी. फैजपूरजवळ एका सहकाऱ्याच्या केळीच्या मळ्यात जमलो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होत्या कॉलेज झाडणाऱ्या अक्का. माहेर-सासर पारोळ्याकडचं, अकरा वर्षं रोजंदारीवर. त्यांना कायम करा म्हटलं की प्राचार्य "बघू" म्हणायचे. त्याच प्राचार्यांच्या बोटात आम्ही नुकतीच सोन्याची अंगठी घातली होती.

अक्का वांगं उलटवत आणि पदराला हात पुसून मोबाइल बघत.

"कुणाचा फोन यायचाय?"

"पोरगी धुळ्याले गई शे, सर. नर्सिंगनी मुलाखत शे आज."

"मग तुम्ही नाही गेलात?"

"एक दिवस तुमी कापी लिधा. आज जाती ते दुसरा खाडा पडता. एकलीच धाडी तिले."

माझं डोकं फिरलं. माझा दिवस कापला गेला तेव्हा घरी बायकोलाही पत्ता लागला नव्हता. अक्कांचा कापला, तर पोर पहिल्यांदा परक्या गावात एकटी उतरली. आणि ह्याला मी सारखं म्हणत होतो! राग काढायला मळेवाला सहकारी समोरच होता.

"तुझ्या एका दिवसात ही केळी धरली होतीस का रे?"

"केळी पगारात कशी येईल? नियम तुझाच," तो शांतपणे भाकरी मोडत म्हणाला. "आणि तुझ्या दोन गाळ्यांचं भाडं?"

ते मी धरलं नव्हतं. भांडायला आलेला मी परत जाळापाशी गेलो. खिशातून पाचशेची नोट काढली.

"अक्का, ठेवा. चूक माझीच."

त्यांनी राखेने भरलेले हात मागे घेतले.

"आते या नोटनं काय करू? बस ते सकायलेच गई." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तुमना पगार कायमना शे सर, अक्कल मातर रोजंदारीनी दिखस."