पर्समधली मायग्रेनची गोळी

मंडळी, क्लिनिकच्या बाकावर बसून लिहितेय. शबानाखाला आत आहेत.

आमच्या कामोठ्याच्या बिल्डिंगमध्ये मायग्रेनवाली म्हणून मीच प्रसिद्ध. सकाळी समोरच्या शबानाखाला डोकं धरून दारात आल्या, मळमळही होत होती. मी माझ्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या कापून दिल्या. म्हटलं, "एक आत्ता घ्या, एक ठेवा. यात उलटीचंही औषध आहे."

दुपारी केमिस्टला हे कौतुकाने सांगितलं. त्याने विचारलं, "त्यांना दुसरं काही चालू आहे?"

खालांची अँजिओप्लास्टी झालीय. रक्त पातळ करायची गोळी रोज असते. मला माहीत होतं. हॉस्पिटलात डबा मीच नेत होते.

तो म्हणाला, "मॅडम, यातल्या पेनकिलरने त्यांना रक्तस्राव होऊ शकतो. उलटीचं औषधही हार्टवाल्यांना विचारल्याशिवाय देत नाहीत. गोळी एक असली तरी औषधं दोन आहेत."

रिक्षातून खालांना फोन लावत राहिले, उचलेनात. दार मात्र हसत उघडलं. "बेटा, डोकं एकदम थांबलं. अल्लाह तुला खुश ठेवो."

त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुसरी देऊ नका आणि लगेच घेऊन या.

मी दुसरी गोळी परत मागितली.

"ती सुनेला दिली. चौथा महिना आहे ना, तिलाही मळमळ होते."

सुनेने अजून घेतली नव्हती. ती गोळी आता माझ्या मुठीत आहे.

तुम्ही दिलेली गोळी आत्ता कोणाच्या घरात आहे, आठवतंय?