जानराव वाटेवर उभा होता

जानरावचं नाव निघालं की माझं डोकं फिरते. आम्ही दोघं भिलाईच्या कारखान्यातून एकाच महिन्यात रिटायर झालो. फर्नेसवरचं काम उरकलं की माणसं मोजून बाहेर काढणारा तो, म्हणून सारे त्याचंच नाव घेत. मैकलच्या डोंगरात आठ दिवस पायी फिरायले आम्ही बारा जण निघालो, तर नकाशा माझ्याजवळ अन् सगळे रस्ता विचारत त्यालेच.

पाचव्या दिवशी पाऊस झोडपून राहिला होता. वाट जिथं दोनीकडे फुटते, तिथं रस्ता दाखवायले जानराव उभा राहिला. मी सर्वात मागं होतो. त्याच्या बोटानं मी कावून चालू? मी आडवाटेनं मुक्काम गाठला.

दोन तास झाले, जानराव आलाच नाही. शेवटी मीच परत गेलो. तो तिथंच उभा होता, ओलाचिंब.

"निघाला कावून नाही?"

"दहाच गेले ना. तू राहिला होता."

मुक्कामावर तो सगळ्यांले सांगून राहिला होता, "एवढ्या पावसात हा माझ्यासाठी परत आला."

आता त्याच्यावर जळायचीही सोय राहिली नाही.