डब्यांतली मोटारसायकल

आमच्या बोळात वीस वर्षं मोटारसायकल उभी होती असं सगळे म्हणायचे, पण ते तितकंसं खरं नाही. उभा होता तो नुसता सांगाडा. पुढचे शॉकअप वाकलेले, टाकी एका अंगानं चेपलेली, चाकांच्या जागी विटा. बाकीची गाडी जिन्याखाली चौतीस डब्यांत होती. दूध पावडरचे, बिस्किटांचे, रंगाचे डबे ओळीनं लावलेले, आणि प्रत्येकात मिस्टरांच्या अक्षरातली घडी घातलेली चिठ्ठी. डब्यांवरची धूळ मी दिवाळीला पुसायची. आत कधी बघितलं नव्हतं.

गाडी मूळची मिस्टरांच्या मामांची. मामा भांडगावचे बागायतदार, आणि पंचक्रोशीत दोन सायलेन्सरची गाडी पहिल्यांदा त्यांनीच आणलेली. म्हातारपणी त्यांनी ती हायवेला उसाच्या ट्रॉलीवर मागून घातली. मामांना खरचटलं, गाडीचं मात्र वाटोळं झालं. दवाखान्यातूनच त्यांनी भाच्याला सांगितलं, "तू कंपनीत हाईस, तूच नीट करशील. घिऊन जा." मिस्टर रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर कीपर होते. मोजायचं, चिठ्ठी लावायची, फळीवर ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. पण मामांच्या लेखी कंपनीत जाणारा प्रत्येक माणूस मेकॅनिक. मिस्टरांनीही तसं नाही म्हणून सांगितलं नाही.

आणली त्याच उन्हाळ्यात त्यांनी आठ दिवस रजा काढून सगळी गाडी खोलली. खोलायचं काम झपाट्यानं झालं. पुढं मात्र वेळ मिळेना. शिफ्ट, पोरीचं लग्न, घराचं काम, काहीतरी असायचंच. कोणी विचारलं की म्हणायचे, "एकदा वेळ मिळू द्या, आठ दिवसांचं काम हाय." मामा जाईपर्यंत त्यांनाही हेच सांगितलं. मग रिटायर झाले, वेळच वेळ मिळाला, आणि सहा महिन्यांत उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हा वाढत जाणारा आजार आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून मिस्टरांचं वाक्य बदललं. "आता हात साथ देत न्हाई, न्हाईतर आठ दिवसांत उभी केली आस्ती." लोक हळहळायचे. मीही हळहळायची.

हात गेल्यावर माणसाचं काय काय जातं ते मी जवळून बघितलंय. चारचौघांत जेवणं गेलं. शर्टाची बटणं गेली. सही बँकेत दोनदा परत आली. एवढं सगळं जाऊन त्यांच्याकडं एक गोष्ट राहिली होती. हात धड असता तर या माणसानं ती गाडी चालू केली असती, हे सगळे मानायचे. त्यावर त्यांची मान ताठ होती. म्हणून गाडी विकायचं माझ्या मनात असूनही मी वर्षभर तोंड उघडलं नाही, आणि माझं तोंड वर्षभर बंद राहणं ही काही साधी गोष्ट नाही. मी शिरूर डेपोत कंडक्टर होते. भरलेल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचायचा. पोटात एक आणि ओठांवर एक हे मला कधी जमलंच नाही.

मग एकदा ते बोळात सांगाड्याला अडखळून पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा कपाळाला टाके पडले. त्या दिवशी मी सांगून टाकलं, की एक तर ही राहील न्हाईतर मी. मिस्टर म्हणाले, "तू कुठं जाणारंयस." पण नको म्हणाले नाहीत.

डेपोतल्या एका ड्रायव्हरनं मला दौंडच्या एका माणसाचा नंबर दिला. रेल्वेत कामाला, आणि नाद जुन्या मोटारसायकली गोळा करून त्यांना पुन्हा रस्त्यावर आणायचा. फोनवरच भाव ठरला. घासाघीस त्यानंही केली नाही आणि मीही. "काकू, सगळं सामान हाय ना?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी म्हटलं, "बाबा, एक वायसरसुदीक गेली न्हाई. डब्यात चिठ्ठ्या घालून ठेवल्यात आमच्या मिस्टरांनी." तो इतका खूश झाला, की रविवारीच येतो म्हणाला.

आता माझी चूक सांगते.

शुक्रवारी मिस्टर हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. मी डबे उतरवले आणि पहिल्यांदा उघडून बघितलं, तर सगळं काळंकिट्ट, चिकट. गिऱ्हाईक यायचं म्हटल्यावर लोक बैलसुद्धा धुऊन, शिंगांना तेल लावून उभा करतात, आणि आपण परक्या माणसाला हा चिखल दाखवायचा? मी चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि चौतीसच्या चौतीस डबे मोठ्या घमेल्यात ओतले. सोड्याचं गरम पाणी केलं, काथ्या घेतला आणि तीन तास घासलं. मग गच्चीवर पोतं अंथरून कुरडया वाळत घालाव्यात तसं सगळं उन्हात घातलं. गंजू नये म्हणून शेवटी शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवला. मिस्टर वर आले तेव्हा मी कौतुकाची वाट बघत उभी होते.

त्यांनी पोत्याकडं बघितलं, रिकाम्या डब्यांकडं बघितलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"ह्ये काय करून ठिवलंस?"

"धुतलंय, खाल्लं न्हाई," मी म्हटलं.

"कुठलं कुठं व्हतं ते आता कसं कळायचं? वीस वर्सं सांभाळलं मी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ते जेवले, रोजच्यासारखे. एक भाकरी जास्तच खाल्ली असेल. चिठ्ठ्यांचं मात्र त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या मी माझ्या तिकिटाच्या जुन्या बॅगेत ठेवल्या होत्या. कागद फेकायचा नाही ही कंडक्टरची सवय.

रविवारी सकाळी दौंडचा माणूस न्हावऱ्याच्या रस्त्यानं छोटा टेम्पो घेऊन आला. चाळिशीचा, शांत, नखांत काळं साचलेलं. त्यानं सांगाड्याभोवती तीन चकरा मारल्या, खाली वाकून त्यावरचा नंबर पुसून बघितला, चेपलेल्या टाकीवरून तळवा फिरवला. "मूळची टाकी हाय, काका. ही कुठं मिळत न्हाई आता." पोरगी बघायला आलेला मुलगासुद्धा इतकं निरखून बघत नाही. मिस्टर खुर्चीत ताठ बसून ऐकत होते.

मग त्यानं ओसरीवर चादर पसरली आणि मी धुतलेलं सामान त्यावर मांडायला घेतलं. तेलाचा वास आल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं, पण हसला नाही. बरंचसं त्याला येतच होतं. अडलं ते गिअरबॉक्सपाशी.

"काका, या गाडीत मागं कुणीतरी दुसऱ्या गाडीचं सामान घातलेलं दिसतंय. पुस्तकात ह्ये न्हाई. तुमी खोललं तवा ही जाड वायसर कुठल्या बाजूला व्हती?"

मिस्टरांनी ती हातात घेतली. हात थरथरत होता, म्हणून मांडीवर ठेवून बघितली. "ही क्लचची."

त्यानं ती लावून बघितली. "क्लचला बसत न्हाई, काका. किकच्या दांड्याची आसंल का?"

"व्हय, व्हय. किकचीच."

किकलाही ती बसली नाही. त्यानं दुसरी पुढं केली. मिस्टर म्हणाले, डावीकडची. तो म्हणाला, काका, डावीकडं तर अशी खाचच नाही. तो आदरानंच विचारत होता, पोटात पाप नव्हतं त्याच्या. त्याला खरंच वाटत होतं की या माणसाला सगळं माहीत आहे. तिसऱ्या खेपेला त्यानं एक स्प्रिंग पुढं केली, तेव्हा मिस्टरांनी ती घेतलीच नाही. सकाळची वेळ, पंखा चालू, आणि त्यांच्या कानामागून घाम खाली येत होता. अडतीस वर्षांत मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"चिठ्ठ्या व्हत्या म्हणला व्हता ना, काकू?" तो माझ्याकडं वळला. "त्या आसतील तर काकांना उगी तरास नको."

मी आणते म्हटलं आणि आत गेले. बॅगेतून पुडकं काढलं, चष्मा लावला आणि दारामागं उभी राहून वरची चिठ्ठी उघडली.

अक्षर मोत्यासारखं. "नट आठ, वायसर आठ. कुठले?" दुसरी उघडली. "स्प्रिंग लहान, एक. कुठून पडली कळले नाही." तिसरी. "गिअर असावा. कोणाला तरी विचारणे." मी उघडतच गेले. किती आहेत ते प्रत्येकीवर होतं, अगदी काटेकोर. कुठले आहेत ते जवळजवळ कुठंच नव्हतं. एकीवर नुसतं लिहिलं होतं, "उरलेले."

आधी मला रागच आला. वीस वर्षं माझा बोळ अडवून ठेवला, मामांना मरेपर्यंत झुलवलं, आणि या माणसासाठी मी लोकांशी भांडले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना लावत आले होते. मग "कोणाला तरी विचारणे" ती चिठ्ठी पुन्हा वाचली आणि राग उतरला. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं ना, की यांना येत नाही. शिरूरमध्ये दर शंभर पावलांवर एक गॅरेज आहे.

मी पुडकं पिठाच्या डब्यामागं सरकवलं आणि बाहेर आले.

"चिठ्ठ्या भिजल्या," मी म्हटलं. "लगदा झाला पार. फेकून दिल्या मी."

मिस्टरांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग ते बोलले, आणि बोलले ते सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं.

"बघितलं का? बघितलं का आमच्या बाईचं? वीस वर्सं मी सोन्यावानी सांभाळलं, हिनं एका दिसात पाण्यात घातलं. सगळं एक करून टाकलं, आता मी तरी काय सांगू? चिठ्ठ्या आस्त्या तर डोळं झाकून सांगितलं आस्तं."

"ऱ्हाऊ द्या, काका," दौंडचा माणूस म्हणाला. "मी बघतो. माझ्या वळखीत एक जुनं मिस्त्री हायेत, त्यांना इचारतो." किती सहज म्हणाला तो, विचारतो म्हणून.

दुसऱ्या कोणी मला असं बोललं असतं तर मी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली असती. मी चहा टाकायला गेले. टेम्पोत सांगाडा चढवेपर्यंत मिस्टर कठड्यापाशी उभं राहून सूचना देत होते, आणि तो माणूस हो काका, बरं काका करत होता. बोळ मोकळा झाला. दुपारी गच्चीवरच्या चुलीवर पाणी तापवताना मी चिठ्ठ्या खाली सारल्या. तेलकट होत्या, चटकन पेटल्या.

त्यानंतर ही गोष्ट गावभर झाली. मिस्टर ती सांगायचे आणि लोक हसायचे. भांडगावला एका लग्नात तर नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, आमच्या भांड्यांना बी शेंगदाण्याचं त्याल लावा की." माझी जीभ अशी शिवशिवली की काय सांगू. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी पत्रावळीकडं बघत बुंदी खाल्ली.

चार महिन्यांनी दौंडहून फोनवर व्हिडिओ आला. गाडी उभी, शॉकअप सरळ, टाकी गुळगुळीत. त्यानं दोनच किका मारल्या आणि गाडी चालू झाली. शेजारचे आप्पा आमच्याकडं बसले होते, त्यांनी मोबाईल हातात घेऊन तीनदा बघितलं. मिस्टर म्हणाले, "हिनं डबं ओतलं नस्तं, तर ही गाडी मी हितंच चालू केली आस्ती."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मेथी निवडत होते.

"व्हय, आप्पा," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

हे वाक्य माझ्या तोंडून त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. आप्पा हसून उठले आणि गेले. मिस्टर मोबाईलच्या बंद काचेकडं बघत होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मांडीवर धरून ठेवला होता.

"त्या चिठ्ठ्या," ते म्हणाले, "फेकायच्या आदी तू वाचल्या व्हत्यास का गं?"

"मला चष्म्याबिगर कुठं काय दिसतंय," मी म्हटलं.

चष्मा माझ्या नाकावरच होता. मिस्टरांनी तो बघितला, चांगला निरखून बघितला.

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्यापुढची अर्धी मेथी आपल्याकडं ओढून घेतली.