धुतलेलं गेट

मधुमेहावर लिहायला मी कोणी नाही, हे आधीच सांगतो. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जैवरसायनशास्त्रात मला पास होण्यापुरतेच मार्क आहेत. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत पायाच्या भेगेपासून पासपोर्टच्या फॉर्मपर्यंत सगळं माझ्याकडे येतं, आणि नाही म्हणायला मला जमत नाही. कुठे चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

बाबा मुलुंडच्या एका टॉवरवर वॉचमन आहेत, दिवसपाळीला. त्यांना शुगर होऊन सात वर्षं झाली. गोळ्या वाढवूनही आकडा उतरेना, तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टर मॅडमनी त्यांना आपल्या संशोधनात घेतलं. दंडावर कोटाच्या बटणाएवढी एक चकती चिकटवायची. ती चौदा दिवस दर काही मिनिटांनी साखर मोजते आणि मोबाइलवर आलेख काढते. तो आलेख बघून मॅडम ठरवणार होत्या, इन्सुलिनची सुई सुरू करायची की नाही.

बाबांना सुईची धास्ती होती. त्यांचे मोठे भाऊ कोकणात, गावी सुईवर गेले आणि वर्षभरात वारले. ते फार उशिरा सुईवर गेले होते, सुईमुळे गेले नाहीत, हे मी कितीदा तरी समजावलं. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "पण सुई घेतल्यावरच गेलो ना तो?"

चकती लावताना मॅडम म्हणाल्या, "नेहमीसारखे राहा. नेहमीसारखं खा. फक्त वहीत लिहा."

घरी आल्यावर मी तेच पुन्हा सांगितलं. बाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अरे, सेक्रेटरी राउंडला येतलो म्हटल्यार आमी काय करतो? गेट धुतो. झाडांक पाणी घालतो. कोण म्हणता काय, नेहमीसारख्या गेटावर फिरा?"

हे मला पटलं. कॉलेजात तपासणीची समिती आली की आमच्या प्रयोगशाळेतही त्या दिवसापुरते नवे टॉवेल येतात.

मग आम्ही तिघांनी मिळून बाबांना धुवायला घेतलं. आईने साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि कारल्याचा रस सुरू केला. मी नवं संशोधन वाचून सांगू लागलो. जेवताना आधी भाजी, मग मासे आणि भात सगळ्यात शेवटी खाल्ला तर साखर कमी चढते, असं मी वाचलं होतं.

"आणि आमटी?" आईने विचारलं.

"आमटी माशांबरोबरच."

"मगे भात कशावांगडा खातले? माशांच्या फोटोवांगडा?"

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की शिजवून गार केलेला भात थोडा बरा असतो. आईने भाताचं पातेलं झाकून ठेवलं. थोड्या वेळाने बाबांना म्हणाली, "आयकलास? आमी लहानपणी शिळो भात खालो, त्येका आता कॉलेज लागता."

खरी अडचण पेढ्यांची होती. टॉवरमध्ये कुणाकडेही चांगलं काही झालं, गाडी आली, निकाल लागला, बारसं झालं, की पहिला पेढा गेटवर येतो. तो वॉचमनने तिथेच, देणाऱ्यासमोर खायचा असतो. नाही म्हटलं तर माणसांना वाटतं, ह्याला आपलं सुख बघवत नाही. बाबांनी त्या चौदा दिवसांत पेढा घेऊन कपाळाला लावायचा आणि देणाऱ्याची पाठ वळली की केबिनमधल्या डब्यात टाकायचा, असं सुरू केलं. डबा संध्याकाळी घरी यायचा. त्या दोन आठवड्यांत मी दोन गाड्या, एक साखरपुडा आणि एक दहावीचा निकाल खाल्ला. माझी पँट घट्ट झाली.

आकडे मात्र सुंदर येत होते. बाबा दर तासाला फोन करून "किती झाले?" असं विचारत. आलेख त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही मोबाइलवर दिसायचा, पण त्यांचा माझ्यावर जास्त विश्वास होता. कमी आकडा सांगितला की ते खूश होत आणि पुढचा घास गाळत.

अकराव्या दिवशी दुपारी माझं प्रॅक्टिकल चालू असताना माझ्या मोबाइलने भोंगा दिला. साखर साठच्या खाली. मी बाबांना फोन लावला, तो एका घरकाम करणाऱ्या मावशींनी उचलला.

"तुजे बाबा घामाने भिजलेत. आत्ता कुरियरवाल्याला कडक सलाम ठोकला आणि चेअरमनला आयडी दाखवा म्हणून अडवलं."

"मावशी, साखरेचं पाणी द्या त्यांना. लगेच."

"दिलं रे. माज्या सासूलापण आहे शुगर."

पंधरा मिनिटांत आकडा वर आला. मी ब्युरेटसमोर उभा होतो आणि तिचा नळ तेवढा वेळ उघडाच राहिला होता. गोळ्या देताना माणूस पोटभर जेवतो असं धरलेलं असतं, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. घरी ते लागू होतं, हे डोक्यातच आलं नाही.

चौदा दिवस भरल्यावर मॅडमनी आलेख बघितला, मग सात वर्षांची फाइल बघितली. "हा माणूस आणि हा माणूस एकच आहे का?"

बाबा भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. तो गरोदर बायकांच्या आहाराचा होता.

मला वाटलं, गप्प बसलो तर सुई टळेल. पण त्या आलेखावर गोळ्या ठरल्या, तर पुढच्या वेळी मावशी गेटवर नसल्या तर काय? मी सगळं सांगितलं. कारलं, गार भात, डबा, गेट धुण्याचंसुद्धा. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांच्या नजरेत मी मुलगा न राहता टॉवरमधला कुणीतरी भाडेकरू झालो.

मॅडम रागावल्या नाहीत. कुणीतरी बघतंय हे कळलं की माणूस शहाण्यासारखा वागतो, संशोधनात हे नेहमीचं दुखणं आहे, असं म्हणाल्या. मग त्यांनी नवी चकती काढली. "मला रोजचं गेट बघायचंय. आणि पेढा खाल्लात तर पेढा लिहा. कुणी दिला, कधी दिला, सगळं."

बाबांनी हे अक्षरशः घेतलं. पुढच्या चौदा दिवसांची वही माझ्याकडे अजून आहे. "सकाळी ११. ७०२. नवी गाडी, पांढरी. पेढा एक." "दुपारी ४. ३०१. नातू झाला, सिझर. बर्फी अर्धी, उरलेली मावशींना." "संध्याकाळी ६. १२०४. मुलीचं लग्न ठरलं. पेढे दोन, आग्रह." आणि चार दिवसांनी: "१२०४. लग्न मोडलं. काही नाही." शेवटच्या दिवशी: "१२०४. पेढा एक." आलेखात गोडाच्या प्रत्येक नोंदीला एकेक डोंगर उभा होता.

वही आणि चकती देऊन आलो. नऊ दिवस काही कळलं नाही. बाबा विचारत नव्हते, पण सणवार नसताना दोनदा मोठ्या काकांच्या फोटोला हार घालून झाला.

दहाव्या दिवशी सकाळी बाबा डबा भरत असताना फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"सध्या सुई नको," मॅडम म्हणाल्या. "एक गोळी बंद, एक बदलली. जेवण चुकवायचं नाही, जेवल्यावर गेटच्या आत दहा मिनिटं चालायचं, पेढा अर्धा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तेव्हा लागली सुई, तर घ्यायची."

"घेतंय," बाबा म्हणाले. आई खाली बसली.

मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात मॅडमनी थोडं अडखळत विचारलं, "एक विचारू? ते १२०४चं लग्न मोडलं होतं ना? मग शेवटच्या दिवशी पेढा कसला?"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"जुळला, मॅडम," ते म्हणाले. "त्याच मुलावांगडा."