अठरा पायऱ्या आणि डबल बेल

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एवढे किस्से का साचतात, याचं कारण अगदी सोपं आहे. बाकीचे डॉक्टर गोळी देतात. ती गिळली की काम संपलं. मी माणसांना काम देते, आणि तेही घरी जाऊन करायचं. घरी गेल्यावर माणूस त्याचं काय करेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागे दुसरा नंबर लावून उभाच असतो.

माझा दवाखाना शेगावला, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्या आहेत. गुडघे, कंबर, दमा, शुगर, लकवा अशी जुनी दुखणी घेऊन येणाऱ्यांसाठी अठरा पायऱ्यांवर दवाखाना थाटणारी बाई फार शहाणी नसणार, हे मला मान्य आहे. पण खालचा गाळा काही मिळाला नाही. एक आजोबा पहिल्याच दिवशी वर पोचले, दाराला टेकले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं चढता आलं असतं तं तुमच्याकडे आलो कशाले असतो?"

मी त्यांच्या फाइलमध्ये लिहिलं, 'पायऱ्या चढू शकतात.'

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एक गृहस्थ बॅग घेऊन धापा टाकत आत आले. मी म्हटलं, बसा. पाय दुखतात का?

"हाव, दर्शनाच्या लाइनीत तीन घंटे उभा होतो."

मी त्यांना पलंगावर झोपवलं, पोटऱ्या तपासल्या, तीन व्यायाम शिकवले, करून घेतले आणि कागदावर काढूनही दिले. गडी गुणी होता. सांगितलं तसं मुकाट्यानं करत गेला. शेवटी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "सेवा चांगली हाय बाई तुमची. पण पलंग एवढा उंच काऊन ठेवला? आन् खोली किती वाजता सोडा लागते?"

*

आता सुखदेवकाकांची ओळख करून देते, कारण ते आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहेत. वडनेर भोलजीचे. एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते, बरीच वर्षं शेगाव–मेहकर चालवली. रिटायर झाले आणि कंपवात मागे लागला. हात थरथरायचा, त्याचं त्यांना काही नव्हतं. खरा त्रास पायांचा. चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. दार आलं, वळण आलं, उंबरा आला की काका उभेच. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत.

पहिल्या दिवशीच त्यांनी मला आपलं म्हणणं सांगून टाकलं. "पोरी, माझ्या लेकीचं, प्रज्ञाचं लग्न हाय दोन महिन्यांनी. स्टेजवर जाऊन फुलं वाहा लागतात. दोघं धरून मले वर नेणार असतील, तं मी जातच नाई. खुर्चीतूनच हात जोडीन." बोलताना मान खाली होती. मला त्या दिवशी रात्रीचं जेवण गेलं नाही, हे मी कबूल करते.

अशा रोग्याला जमिनीवर आडव्या पट्ट्या आखून दिल्या की पट्टी ओलांडायला पाय आपोआप उचलतो. पुस्तकात तसं आहे आणि बहुतेकांना त्याचा उपयोगही होतो. मी दवाखान्यात पांढरी चिकटपट्टी लावून चांगल्या दहा पट्ट्या आखल्या. काका पहिल्या पट्टीपर्यंत झकास आले आणि थांबले.

"चला काका."

"कसं चलू? झेब्रा क्रॉसिंग हाय. लोकायले जाऊ दे पहिले."

*

मी प्रत्येकाला त्याच्या दुखण्याप्रमाणे व्यायामाचा तक्ता हातानं काढून देते. नांदुऱ्याच्या एका भाऊंचा डावा खांदा शुगरमुळे आखडला होता. त्यांना भिंतीसमोर उभं राहून डाव्या हाताची बोटं हळूहळू वर चढवायला सांगितलं. महिन्याभरानं ते आले ते घरमालकाला घेऊनच. घरमालक तापलेला.

"मॅडम, साऱ्या गल्लीच्या भिंती काळ्या झाल्या. याले समजावा."

खुलासा असा झाला की भाऊंना आराम पडल्यावर शेजाऱ्यानं तक्ता मागून नेला. त्याला बीपी. त्याच्याकडून पलीकडच्या बाईनं नेला, तिला अॅसिडिटी. विरजण मागावं तसा माझा कागद घरोघर फिरला होता आणि सकाळी सात वाजता अख्खी गल्ली भिंतीकडे तोंड करून उभी राहात होती. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बरं, निदान दोन्ही हातांनी तरी करतात का?

"नाई, डाव्यानंच. कागदावर डावाच हाय नं."

*

दम्याच्या रोग्याला मी श्वास सोडायची एक पद्धत शिकवते. नाकानं हवा घ्यायची, ओठांचा चंबू करायचा आणि शिट्टी मारताना सोडतो तशी हळू सोडायची. एक आजोबा हे शिकून गेले. आठवड्यानं त्यांच्या मुलाचा फोन.

"मॅडम, तुम्ही आमच्या बाबाले शिट्ट्या माराले शिकवलं काय?"

आजोबांना नुसती हवा सोडून समाधान होईना. आवाज आला म्हणजे हवा बरोबर निघाली, असा त्यांचा हिशोब. त्यात बसायची जागा म्हणजे घरासमोरचा ओटा, आणि ओट्यासमोर गावाचा नळ. सकाळी बाया पाण्याला आल्या की आजोबांचा व्यायाम सुरू. दोन दिवस बायांनी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी तिघी जणी सरपंचाकडे गेल्या. सरपंचानं आजोबांना बोलावलं तर ते म्हणाले, "डॉक्टरीन बाईनं सांगतलं, दिवसातून चार खेप."

शेवटी मी लेटरहेडवर लिहून दिलं की सदर व्यायाम दम्यासाठी असून तो घरात, मागच्या खोलीत करावा. आजोबांना हे फार लागलं. फोनवर म्हणाले, "मांगच्या खोलीत दम निघत नाई, मॅडम."

*

शांताबाईंना शुगर आणि गुडघे, दोन्ही. त्यांना सांगितलं की खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. दिवसातून वीस वेळा. त्या म्हणाल्या, "मॅडम, विनाकारण उठ-बस करू तं घरचे म्हणतील, हिले लागीर झालं." मला राग आला. औषध घ्यायला कारण लागत नाही, मग उठायला का लागावं? पण रागावून गुडघे बरे होत नाहीत. पुढच्या वेळी त्यांनीच उपाय काढून आणला.

"मामंजी घरात आले की आमच्यात सुनेले उठाच लागते. मी मामंजीलेच सांगतलं, तुम्ही येत जा."

हे मामंजी म्हणजे माझेच दुसरे पेशंट. हार्टचं ऑपरेशन झालेलं; चाला म्हटलं की, "मले काय धाड भरली?" म्हणून खाटेवर पडून राहायचे. आता मात्र ते कडक शिस्तीत होते. बाहेर जायचे, ओट्याला चक्कर मारायचे, खाकरून आत यायचे, सून उठायची, मोजायची, परत बाहेर. दीड महिन्यात सुनेचे गुडघे सुधारले आणि सासऱ्यांनी माझ्या अठरा पायऱ्या न थांबता चढून दाखवल्या. मी कौतुक केलं, चालण्याचा व्यायाम चांगला झाला म्हटलं.

"व्यायाम? म्या कई केला? म्या तं सुनेचा करून घेतला," मामंजी म्हणाले. अजूनही त्यांचं तेच मत आहे.

*

आता परत सुखदेवकाका. पट्ट्या बाद झाल्यावर मी मोबाइलवर टिक-टिक लावून पाहिली. ठेका ऐकला की पाय सुटतात, असंही पुस्तकात आहे. काका म्हणाले, "नळ टपकून राह्यला कुठंतरी, बंद कर." लग्न महिन्यावर आलेलं. माझा धीर सुटायला लागला होता.

एके दिवशी ते दवाखान्याच्या दारातच अडकले. मी आतून एक-दोन, एक-दोन म्हणतेय, काका तसेच उभे. मागे त्यांच्या बायको, विमलकाकू, हातात जेवणाचा डबा घेऊन ताटकळलेल्या. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डब्यातला चमचा काढला आणि झाकणावर दोनदा मारला. टण, टण.

काकांचा डावा पाय उचलला आणि ते सरळ पलंगापर्यंत चालत गेले.

काकू चमचा पुसून परत ठेवत म्हणाल्या, "डबल बेल भेटल्याबिगर यांची गाडी कई निघाली हाय काय?"

ठेका द्या, एवढंच पुस्तकाला माहीत होतं. कोणता, ते काकूंना माहीत होतं. मी त्याच दिवशी नवा तक्ता केला. डबल बेलवर निघायचं, सिंगल बेलवर थांबायचं, सकाळ-संध्याकाळ दहा फेऱ्या. काकू ग्लास-चमचा घेऊन मागे. एकदाच काकूंचा घाबराघुबरा फोन आला. स्वयंपाकघरात एक वाटी खाली पडली आणि न्हाणीकडे निघालेले काका जागच्या जागी थांबले होते.

"मग काय केलं काकू?"

"मंग काय, दोन वाट्या पाडल्या."

*

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा काकांनी नवी अट घातली. लग्नात घंटी नाही. "व्याह्यांसमोर ही ग्लास घेऊन माझ्या मांगं फिरन, तं लोकं काय म्हणतील?" मग आम्ही घंटी मनातल्या मनात वाजवायचा सराव केला, माझ्याच अठरा पायऱ्यांवर. सोळा-सतरा वेळा जमलं. दोनदा नाही जमलं. त्या दोन वेळांची मला धास्ती होती.

लग्नाला मी गेले. विहाराच्या शेजारी मांडव, वंदना झालेली, समोर स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा. फुलं वाहायला दोन्हीकडच्या आई-वडिलांना बोलावलं. काका उठले. कोणी धरलेलं नाही. पांढरा शर्ट, ताठ मान. मी पावलं मोजत होते. वीस झाली, बावीस झाली. स्टेजची पहिली पायरी आली आणि काका थांबले.

माइकवाल्यानं परत नाव पुकारलं. काका उभेच. मांडवात कुजबुज सुरू झाली. नवरदेवाचे मामा चांगल्या मनानं उठले आणि काकांचा दंड धरायला पुढे निघाले. ते पोचले की सगळं संपणार, हे तिथे तिघांनाच माहीत होतं.

काकूंच्या हातात फुलांचं स्टीलचं ताट होतं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. हातातली बांगडी ताटाच्या काठावर दोनदा आपटली.

काका चारही पायऱ्या चढले, फुलं वाहिली, हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

मागून नवरदेवाची आई ताट घेऊन येत होती. ती पायरीशी थांबली, काकूंकडे पाहिलं, जरा विचार केला आणि आपण कुठे कमी पडायला नको म्हणून आपलंही ताट दोनदा वाजवून वर चढली. शूटिंगवाला तर काकूंना म्हणाला, "काकू, ते ताट वाजवाचं परत एकदा करा, माझं हुकलं."

दुपारी पाठवणी. मेहकरच्या नवरदेवाची गाडी फुलं लावून मांडवाच्या तोंडाशी उभी. प्रज्ञानं एक पाय आत ठेवला, एक बाहेर, हात दारावर, आणि ती तशीच थांबली. आत्या म्हणाली, बस वं माय. मावशी म्हणाली, ऊन होऊन राह्यलं. प्रज्ञाचा पाय काही उचलेना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

काका मांडवात खुर्चीवर बसले होते. ते उठले आणि मधल्या सगळ्या माणसांतून वाट काढत गाडीपर्यंत आले. थरथरता हात वर केला आणि गाडीच्या टपावर दोनदा मारला.

"हां, जाऊ द्या," काका म्हणाले.

प्रज्ञा आत बसली.